काचेवर वळवळतंय ते काय? टँकमधले कृमी ओळखणं आणि आवरणं

माशांच्या टँकचा दिवा मालवून दोन-तीन तास झाले, की टॉर्च घ्या आणि समोरच्या काचेवर तिरपा उजेड पाडून बघा. दिवसा लख्ख दिसणाऱ्या काचेवर पांढरे ठिपके सरकताना दिसतील, खडीच्या फटीतून केसासारखे धागे डोकावताना दिसतील. पहिल्यांदा हे बघणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. मग दुसऱ्या दिवशी अख्खा टँक उपसायचा, खडी उकळायची आणि फिल्टर नळाखाली घासून धुवायचा बेत ठरतो. तो बेत आधी रद्द करा. काचेवरच्या कृमींनी जेवढे मासे मरत नाहीत, तेवढे या धुलाईने मरतात.

माशांच्या शरीरातून आणि कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात सतत अमोनिया येत असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया खडीच्या दाण्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करून असतात. खडी उकळली की ही वस्ती गेली, आणि ती पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे अमोनियात पोहतात. शिवाय कृमी मुळात आले होते ते वनस्पतींबरोबर, खडीबरोबर किंवा जिवंत खाद्याबरोबर. तो रस्ता उघडाच राहिला तर धुतलेल्या टँकमध्येही ते महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा हजर होतात.

टँकमध्ये मोकळे फिरणारे कृमी किती, हे पाहून खाद्य किती उरतंय ते कळतं. एखाद-दुसरा कृमी प्रत्येक जुन्या टँकमध्ये असतो आणि असावाही. शेकड्यांनी दिसायला लागले, तर कुठेतरी शेकड्यांची पंगत बसेल एवढं अन्न पडून आहे. माशाच्या आत किंवा अंगावर राहणारे कृमी ही वेगळी गोष्ट, तिथे औषधच लागतं. आणि एका जातीवर चालणारं औषध दुसरीवर चालत नाही. म्हणून काहीही ओतण्याआधी समोरचा प्राणी नेमका कोण, ते बघायचं.

आधी एक पकडा

ड्रॉपरने किंवा बिनसुईच्या सिरिंजने एक कृमी ओढून घ्या आणि बशीत सेंटिमीटरभर टँकचंच पाणी घेऊन त्यात सोडा. कृमी पांढरा असेल तर काचेची बशी काळ्या कागदावर ठेवा, लाल-तपकिरी असेल तर पांढऱ्या कागदावर. दोन मिनिटं हात लावू नका, त्याला स्थिरावू द्या. मग साधं भिंग किंवा मोबाइलचा झूम पुरतो. रंगाकडे फार लक्ष देऊ नका, कारण खाल्लेल्या अन्नाप्रमाणे रंग बदलतो. खरी ओळख चालीत आहे.

अंग जराही न वळवता, काचेवर थेंब ओघळावा तसा संथ सरकत असेल तर तो चपट्या कृमींपैकी. त्याच्या पोटाखाली असंख्य सूक्ष्म केस असतात आणि ते वल्ह्यासारखे हलतात, म्हणून बाहेरून काहीच हालचाल दिसत नाही. धाग्यासारखा लांब, पाण्यात सोडल्यावर इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडत झटके मारणारा असेल तर तो खडीतला धागाकृमी किंवा गोलकृमी. पुढचं टोक चिकटवून मागचं टोक पुढे ओढत, वितीने माप घ्यावं तशी कमान करत चालत असेल तर ती जळू. आणि एका जागी चिकटून वरच्या टोकाला पाच-सात तंतू पसरलेले दिसले, तर तो कृमीच नाही. तो हायड्रा, जेलीफिशचा लांबचा नातलग.

आणखी दोघं फसवणूक करतात. लालभडक, सेंटिमीटरभर, स्पष्ट डोकं असलेली आणि आठचा आकडा काढत पोहणारी ‘ब्लडवर्म’ ही एका न चावणाऱ्या डासवर्गीय माशीची अळी आहे. ती माशांचं खाद्य म्हणूनच विकली जाते, तेव्हा दिसली तर मासे खाऊन टाकतील. दुसरं, माशाच्या अंगातून बाहेर लोंबणारी काडी, जिच्या टोकाला बऱ्याचदा दोन पिशव्या दिसतात, तो ‘अँकर वर्म’. नावात वर्म असलं तरी तो झिंग्याच्या कुळातला कवचधारी परजीवी आहे. कृमींच्या औषधांनी त्याला काही होत नाही, त्यावर डायफ्लुबेन्झुरॉनसारखं कवच बनू न देणारं औषध लागतं. ते टँकमध्ये पाळलेल्या श्रिंपलाही, म्हणजे छोट्या शोभेच्या झिंग्यांनाही, मारतं, हे लक्षात ठेवा.

खडीतले पांढरे धागे

दहापैकी आठ-नऊ वेळा दिसतात ते हेच. गांडुळाचे धाकटे भाऊबंद, वलयी प्राण्यांपैकी. भिंगातून अंगावर वलयं दिसतात, रंग पांढरट किंवा गुलाबी, लांबी काही मिलिमीटरपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत. खडीत, स्पंजमध्ये, झाडांच्या मुळांशी राहून हे कुजकं अन्न आणि विष्ठा खातात. मासे, अंडी, श्रिंप यांपैकी कुणालाही ते त्रास देत नाहीत. गप्पी, टेट्रा, कोरिडोरास यांच्यासाठी तर ते चालताबोलता खाऊ आहेत.

मग काळजी कधी करायची? ते खडीतून बाहेर आले की. आपली जागा सोडून दिवसाढवळ्या काचेवर चढायला लागले, पाण्याच्या पृष्ठभागाशी गोळा व्हायला लागले, तर बहुतेक वेळा खडीतला प्राणवायू संपत आलेला असतो. खाली कुजणारं अन्न प्राणवायू खातं, कृमी श्वासासाठी वर येतात. याच वेळी मासेही पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर कृमींचं नंतर बघा. एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सुरू करा, फिल्टरचं तोंड पृष्ठभागाकडे वळवून पाणी खळाळू द्या, चौथा हिस्सा पाणी बदला आणि अमोनिया-नायट्राइट तपासा. दोन्हींचा आकडा शून्य यायला हवा.

एका बाबतीत मात्र घाबरू नका. खडीत सायफन (घाण आणि पाणी ओढून काढायची नळी) घातल्यावर किंवा झाड उपटल्यावर पाण्यात एकदम ढीगभर धागे तरंगतात. ते वाढलेले नसतात, तुम्ही त्यांचं घर हलवलेलं असतं. तासाभरात बरेचसे माशांच्या पोटात जातात, उरलेले पुन्हा खडीत.

यांच्यावर औषध नको. खाद्य आणि खडी, एवढ्या दोन ठिकाणी हात घातला की पुरे. दाणे दोन मिनिटांत संपतील एवढेच टाका आणि दोन मिनिटांनंतर तळाशी काय पडलंय ते वाकून बघा. तिथे एक फ्लेक दिसला तरी उद्याची चिमूट लहान करा. माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं, हा ढोबळ हिशेब डोळ्यांसमोर ठेवला की हात आपोआप आवरतो. आठवड्यातून एक दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवा, निरोगी मोठ्या माशांना काही होत नाही. पिल्लांच्या टँकमध्ये मात्र उपास नको, त्यांना दिवसातून चार-पाच वेळा कणभर खाद्य लागतं. तिथे उरलेलं खाद्य अर्ध्या तासाने ड्रॉपरने ओढून काढा. घरात दोघं-तिघं जण खाद्य घालत असतील तर एकाकडेच काम द्या. ‘मला वाटलं कुणी घातलंच नाही’ या एका वाक्यावर कृमींच्या कित्येक पिढ्या पोसल्या जातात.

आता खडी. रुंद तोंडाचा सायफन घ्या आणि तो तोंडाने ओढून सुरू करू नका, पंपाचा फुगा असलेला वापरा. खडीचे मनाने तीन भाग पाडा. या आठवड्यात डावा, पुढच्या आठवड्यात मधला, त्याच्या पुढे उजवा. सायफनचं तोंड खडीत पार तळाच्या काचेपर्यंत खुपसा. खडी नळीत वर उसळते, घाण नळीतून निघून जाते. नळीतलं पाणी नितळ झालं की नळी उचला आणि चार बोटं पुढे पुन्हा खुपसा. त्या दिवशी बदलायचं ठरवलेलं पाणी काढून झालं की थांबा, भाग अपुरा राहिला तरी चालेल. एकाच दिवशी सगळी खडी ढवळली तर साचलेली घाण एकदम पाण्यात मिसळते आणि बॅक्टेरियाची वस्तीही विस्कटते. त्यातून खोल जाड थरात प्राणवायू न पोचलेल्या जागी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो, आणि तो माशांना विषारी आहे. बारीक वाळू असेल तर नळी खुपसू नका, वाळूच नळीतून निघून जाईल. ती दोन-तीन सेंटिमीटर वर धरून गोल फिरवा, वरची घाण उचलली जाते. झाडांच्या मुळांजवळची जागा सोडून द्या.

दगड, लाकूड, शोभेच्या बोटी आणि किल्ले उचलून त्यांच्या खाली बघायला विसरू नका. बऱ्याच टँकमध्ये खरा उकिरडा तिथेच असतो. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-चारदा पिळा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बॅक्टेरिया मारतं, म्हणून ते पाणी नको. एवढं नेमाने केलं तर दोन ते चार आठवड्यांत काचेवरचे धागे दिसेनासे होतात. खडीत थोडे राहतीलच, राहू द्या.

याच जागी राहणारे गोलकृमी आणखी बारीक, वलयं नसलेले आणि दोरीला झटके द्यावेत तसे सारखे तडफडणारे असतात. त्यांचा इलाज हाच.

प्लॅनेरिया

इथे मात्र सावध व्हायला हवं, विशेषतः श्रिंपच्या टँकमध्ये. प्लॅनेरिया चपटा, पाच मिलिमीटरपासून दोन सेंटिमीटरपर्यंत लांब, रंगाने पांढरा, गुलाबी किंवा तपकिरी. डोकं बाणाच्या टोकासारखं तिकोनी आणि त्यावर दोन काळे ठिपके, तिरळे बघितल्यासारखे. भिंगातून हे डोळे एकदा बघितले की ओळख चुकत नाही. त्याचाच एक बारका नातलग काचेवर सरकताना दिसतो. तो एक ते तीन मिलिमीटर, पांढरा, डोकं गोलसर. हे ऱ्हॅब्डोसील, निरुपद्रवी. पुष्कळ लोक यांनाच प्लॅनेरिया समजून औषध घालतात आणि गोगलगायी गमावून बसतात. डोकं तिकोनी आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्लॅनेरियाचं तोंड डोक्याला नसतं, पोटाच्या मध्यावर असतं. बशीत कच्च्या मांसाचा तीळभर तुकडा ठेवा आणि बघत बसा. तो तुकड्यावर चढतो, अंगाचं पांघरूण घालतो आणि पोटाखालून फिकट रंगाची एक नळी बाहेर काढून तुकड्यात खुपसतो. थोड्या वेळाने अंगाच्या आत तीन फांद्यांचं आतडं भरून गडद झालेलं दिसतं. नुकती कात टाकलेल्या मऊ श्रिंपवर, तिच्या पिल्लांवर, माशांच्या अंड्यांवर आणि छोट्या गोगलगायींवर हेच घडतं. मोठ्या माशांना त्याच्यापासून धोका नाही. मासे त्याला खातील या आशेवरही राहू नका, अंगावरच्या चिकट द्रवामुळे बरेच मासे तोंडात घेऊन थुंकून टाकतात.

आणि त्याला काचेवर ब्लेडने किंवा बोटाने चिरडू नका. प्लॅनेरियाचं पुनर्जनन प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टी. एच. मॉर्गन यांनी प्लॅनेरियाचे तुकडे करून बघितले, तर शरीराच्या २७९व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण प्राणी तयार झाला. (हेच मॉर्गन पुढे फळमाशीकडे वळले आणि १९३३चं नोबेल त्यांना मिळालं.) म्हणजे तुम्ही एकाचे चार केले, एवढंच. दिसला तर ड्रॉपरने अख्खा ओढा आणि मिठाच्या दाट पाण्यात टाका.

थोडे असतील तर सापळा लावा. झाकण घट्ट बसणारी, बोटभर लांबीची प्लास्टिकची कुपी घ्या आणि तापवलेल्या सुईने तिला दोन मिलिमीटरहून लहान अशी सात-आठ भोकं पाडा. याहून मोठं भोक पडलं तर श्रिंपची पिल्लं आत जाऊन अडकतात. आत वाटाण्याएवढा कच्च्या मांसाचा किंवा श्रिंपचा तुकडा टाका, कुपी पाण्याने भरा म्हणजे ती बुडेल, आणि दिवा बंद केल्यावर खडीवर आडवी ठेवा. दोन-तीन तासांनी हळूच, भोकांवर बोटं ठेवून उचला. रात्रभर ठेवणं ही नेहमीची चूक. पोट भरलं की ते आल्या वाटेने निघून जातात आणि सडणारा तुकडा मागे राहतो. रोज सलग आठवडाभर सापळा लावल्याने संख्या खूप घटते, पण वंश संपत नाही. खडीत लपलेले उरतात आणि अंड्यांचे कोष तर कुठेच जात नाहीत. काचेला किंवा पानाला देठाने चिकटलेला, मोहरीएवढा तपकिरी-काळा गोळा दिसला तर तो कोष. एका कोषातून अनेक पिल्लं निघतात. असे कोष नखाने खरवडून टँकबाहेर काढा.

सापळ्याने भागलं नाही तर औषध. फेनबेंडॅझोल हे प्राण्यांना जंतांसाठी दिलं जाणारं औषध इथे चालतं, आणि योग्य मात्रेत श्रिंप व मासे त्यातून सुखरूप राहतात. दुसरा पर्याय म्हणजे सुपारीच्या अर्कापासून बनवलेली तयार पावडर. सुपारीतलं अरेकोलिन कृमींच्या नसांवर काम करतं आणि एके काळी कुत्र्यांचे जंत पाडायलाही ते वापरलं जायचं. दोन्हींचा बळी मात्र एकच, तो म्हणजे गोगलगाय. नेराइट आणि अॅपल जातीच्या गोगलगायी फेनबेंडॅझोलने मरतात. हे औषध खडीत महिनोन्‌महिने टिकून राहत असल्याने त्या आठवड्याभराने परत सोडल्या तरी मरतात. अशा गोगलगायी आधीच दुसऱ्या टँकमध्ये हलवा आणि त्या टँकमध्ये त्यांना कायमचंच राहू द्या.

मात्रा मोजताना

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इथे. टँकवर लिहिलेले लिटर म्हणजे पाण्याचे लिटर नव्हेत. समजा टँक ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद आहे आणि तळाच्या काचेपासून पाण्याची उंची ३२ सें.मी. आहे. ६० × ३० × ३२ भागिले १,००० म्हणजे ५७.६ लिटर. तळाला पाच सें.मी. खडी असेल तर तिने व्यापलेली जागा ९ लिटर. त्यातली साधारण चाळीस टक्के जागा दाण्यांमधल्या फटींची, म्हणजे पाण्याची, आणि उरलेले सुमारे साडेपाच लिटर निव्वळ दगड. ते वजा केले की ५२ लिटर उरतात. मोठे दगड-लाकूड असेल तर आणखी कमी. औषध या ५२ लिटरच्या हिशेबाने.

फेनबेंडॅझोलची वापरात असलेली मात्रा लिटरला साधारण ०.६ मिलिग्रॅम शुद्ध औषध. ५२ लिटरला ३१ मिलिग्रॅम. शुद्ध हा शब्द महत्त्वाचा, कारण पाकिटातलं सगळंच औषध नसतं. पावडर २२.२ टक्क्यांची असेल तर तिच्या एका ग्रॅममध्ये २२२ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे आपल्याला ०.१४ ग्रॅम पावडर हवी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे वजन येत नाही, आणि ‘चिमूटभर’ हे माप इथे चालत नाही. सोपी युक्ती अशी. एक ग्रॅम पावडर नीट मोजून २२२ मिलिलिटर गरम पाण्यात घाला. आता दर मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम औषध झालं, तेव्हा ३१ मिलिलिटर सिरिंजने काढून टँकमध्ये घातलं की मात्रा अचूक. फेनबेंडॅझोल पाण्यात धड विरघळत नाही, तळाशी बसतं. म्हणून बाटली जोरात हलवून, साका बसायच्या आत सिरिंज भरा आणि टँकमध्ये फिल्टरच्या धारेपाशी सोडा.

फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बन असेल तर आधी काढा, नाहीतर तो औषध शोषून घेईल. स्पंज तसाच राहू द्या. आदल्या दिवशी खडी सायफन करा, म्हणजे मरणाऱ्यांची संख्या कमी होईल. एअरस्टोन सुरू ठेवा. पहिल्या दिवशी पूर्ण मात्रा, ४८ तासांनी अर्धी. हे औषध कृमीच्या पेशींचा आतला सांगाडा मोडतं आणि त्याला उपाशी मारतं, म्हणून परिणाम हळू दिसतो. पहिल्या रात्री ते काचेवर फिरताना दिसले म्हणून मात्रा वाढवू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते आक्रसून, चुरगळल्यासारखे तळाशी पडलेले दिसतील. दुसऱ्या मात्रेनंतर दोन दिवसांनी मेलेले ओढून काढा, ३० टक्के पाणी बदला, कार्बन परत घाला आणि आठवडाभर एक दिवसाआड अमोनिया तपासा. खडीत सडणारे मेलेले कृमी हाच या उपचारातला खरा धोका आहे. कोष औषधाला दाद देत नाहीत. त्यातली पिल्लं दोन-तीन आठवड्यांत बाहेर येतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी हाच क्रम एकदा पुन्हा करावा लागतो. हायड्राही याच औषधाने जातो.

‘जंतांचं औषध’ म्हणून प्रॅझिक्वान्टेल हाती आलं तर ते प्लॅनेरियासाठी वापरू नका. ते चपट्या परजीवींवर रामबाण आहे, पण प्लॅनेरियावर भरवशाचं नाही. २००९ मध्ये तर प्रयोगशाळेत असं दिसलं, की प्रॅझिक्वान्टेलमध्ये ठेवलेल्या प्लॅनेरियाच्या तुकड्यांना शेपटीच्या जागीही डोकं फुटतं. दोन डोक्यांचा प्लॅनेरिया बघायची हौस असेल तर गोष्ट वेगळी!

जळवा

टँकमध्ये झाडांबरोबर येणाऱ्या बहुतेक छोट्या जळवा माशांचं रक्त पीत नाहीत, गोगलगायी आणि धागाकृमी खातात. माशांना चिकटणाऱ्या जाती वेगळ्या, लांबट आणि दोन्ही टोकांना ठळक चकत्या असलेल्या. फेनबेंडॅझोलवर इथे विसंबू नका, हातानेच वेचा. यांतल्या बऱ्याच जळवा पिल्लं पोटाखाली चिकटवून फिरतात, त्यामुळे एक जळू ओढताना हात थरथरला तर डझनभर पिल्लं पाण्यात विखुरतात. चिमट्यापेक्षा सायफनची बारीक नळी बरी.

माशाच्या आतले

गप्पी, मॉली, प्लॅटी अशा माशांत शेपटीकडे नीट बघा. मासा क्षणभर स्थिर थांबला की गुदद्वारातून तीन-चार लाल धागे, ब्रशच्या केसांसारखे, बाहेर येतात आणि तो हलला की आत जातात. हा कॅमॅलॅनस. हा गोलकृमी आतड्याला चिकटून रक्तावर जगतो. मासा खातो पण पोट आत गेलेलं, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी. मादी जिवंत पिल्लं टाकते, ती तळाशी पडून वळवळतात. मासे ती खाद्य समजून थेट गिळतात, नाहीतर ती खाल्लेला सायक्लॉप्स (पाण्यातला बारीक कवचधारी जीव) गिळतात. म्हणून एका माशात लाल धागे दिसले की सगळा टँक बाधित समजायचा. दिसणारा मासा वेगळा काढून बाकीच्यांना तसंच सोडण्यात अर्थ नाही. चिमट्याने धागा ओढणं तर नकोच, आतडं फाटतं.

यावर लेव्हामिसोल. मात्रा लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या ५२ लिटरला १०४ मिलिग्रॅम. गोळी १५० मिलिग्रॅमची असेल तर ती कुटून १५० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १०४ मिलिलिटर घाला. हे औषध उजेडात निकामी होत जातं, तेव्हा दिवा बंद ठेवा आणि टँकवर जाड कापड टाका. चोवीस तास तसंच. लेव्हामिसोल कृमीला मारत नाही, आखडवतं. आखडलेल्या कृमीची पकड सुटते आणि मासा त्याला बाहेर टाकतो. तळाशी पडलेला हा कृमी आणि त्याच्या पोटातली पिल्लं जिवंत असू शकतात, म्हणून चोवीस तासांनी तळ काळजीपूर्वक सायफन करणं हा उपचाराचा निम्मा भाग आहे. तो टाळला तर औषध वाया. त्याच वेळी निम्मं पाणी बदला. दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा हेच, कारण मधल्या काळात सायक्लॉप्समधून किंवा खडीतून गिळलेली पिल्लं तोवर आतड्यात पोचलेली असतात. फार खंगलेले मासे कृमी पडल्यावरही दगावतात. आतड्याला झालेल्या जखमा भरून यायला वेळ लागतो.

मासे दगडाला अंग घासत असतील, एकच कल्ला मिटून दुसऱ्याने श्वास घेत असतील, आणि अंगावर पांढरे दाणे नसतील, तर कल्ल्यांवरच्या किंवा कातडीवरच्या फ्लूकचा संशय घ्या. हे चपटे परजीवी डोळ्यांना दिसत नाहीत, खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. यांच्यावर लेव्हामिसोल नव्हे, इथे प्रॅझिक्वान्टेल, लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम. कातडीवरच्या गायरोडॅक्टायलसला पिल्लं होतात, त्यामुळे तो बऱ्याचदा एका फेरीत आटोपतो. कल्ल्यांवरचा डॅक्टायलोगायरस अंडी घालतो आणि अंड्यांवर औषध चालत नाही. कोमट पाण्यात अंडी काही दिवसांतच फुटतात, म्हणून आठवड्याभराने दुसरी फेरी हवीच.

कुठलंही औषध चालू असताना त्या टँकची जाळी, सायफन आणि बादली दुसऱ्या टँकला लावू नका. काम झालं की उन्हात कडक वाळवा. ओली जाळी खुंटीला लटकत राहिली तर पुढच्या टँकचं तिकीट तिनेच काढलं म्हणून समजा.

नवी झाडं आणली की थेट टँकमध्ये लावू नका. कुंडी आणि तिच्यातली लोकर काढून टाका, मुळं वाहत्या पाण्याखाली मोकळी करा, पानांच्या देठाशी आणि पानांच्या खाली जेलीसारखे किंवा मोहरीसारखे गोळे शोधा. मग मासे नसलेल्या बादलीत, उजेड देऊन, तीन आठवडे ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी रात्री टॉर्च मारून बघा. कोष असतील तर त्यातली पिल्लं एवढ्यात बाहेर येतात आणि बादलीच्या भिंतीवर सरकताना सापडतात. एवढा वेळ काढायचा नसेल तर बंद डबीत जेलवर वाढवलेली टिश्यू कल्चरची झाडं घ्या. डबी उघडेपर्यंत ती निर्जंतुक असतात, त्यामुळे कृमी, जळू, गोगलगाय यांपैकी काहीच त्यांच्याबरोबर येत नाही.